दर्या आणि दऱ्या
(प्रस्तावना)

तिसरीतल्या एका मुलीची वही माझ्यासमोर आहे. ‘माझे घर’ या विषयावर तिने मनाने पाच ओळी लिहिल्या आहेत. त्यातल्या एका ओळीत तीन लाल गोल आहेत. ओळ अशी : ‘माझी भैन घराचं चीत्र काडते.’ गोल ‘भैन’, ‘चीत्र’ आणि ‘काडते’ या शब्दांभोवती आहेत आणि खाली शेरा आहे : प्रत्येक शब्द पाच वेळा लिहिणे. मुलीने पंधरा शब्द सुबक अक्षरात लिहून काढले आहेत. पुढच्या पानावर पुन्हा ‘भैन’ आहे.

चुका तीन आणि शिक्षा एक. पण या तीन चुका एका जातीच्या नाहीत. ‘भैन’ हा शब्द मुलीने घरी ऐकला तसा प्रामाणिकपणे लिहिला आहे. पुस्तकातली ‘बहीण’ तिला अजून पुरेशी भेटलेली नाही. ‘काडते’मध्ये ढ चा ढपणा हरवला आहे, आणि तो फक्त तिच्याकडूनच हरवतो असं नाही. ‘काढते’ हा शब्द सहज बोलण्याच्या वेगात म्हणून पाहा, आपल्याही तोंडून तो निसटतो. ‘चीत्र’मध्ये मात्र कानाचा काही दोष नाही. मराठी बोलताना ऱ्हस्व-दीर्घाचा भेद आपण इतका कमी पाळतो की तिथे कान कामाला येतच नाही. तिथे शब्दाची ओळखच लागते. म्हणजे पहिल्या चुकीला गप्पा आणि गोष्टी हव्यात, दुसरीला उच्चाराचे खेळ हवेत, तिसरीला शब्दांची जमवाजमव हवी. पाच वेळा लिहून यातलं काहीही होत नाही.

पाच वेळा लिहिणं म्हणजे काय असतं, तेही सांगते. ‘कमळ’ हा शब्द दहा वेळा लिहायचा असेल तर मुलं आधी दहा ‘क’ एकाखाली एक उभे मांडतात, मग त्यांच्या शेजारी दहा ‘म’, शेवटी दहा ‘ळ’. पान भरतं, पण त्या सगळ्या वेळात कमळ हा शब्द मुलाच्या मनात एकदाही येत नाही. तीस वर्षं वर्गांमध्ये मागच्या बाकावर बसून मी ही उभी कमळं पाहत आले आहे.

वाचन, शुद्धलेखन आणि आकलन ही आपल्या शाळांत तीन स्वतंत्र कामं आहेत, आणि ती एकामागून एक करायची असतात अशी आपली समजूत आहे. पहिली-दुसरीत मुळाक्षरं आणि बाराखडी. मग शुद्धलेखन, ‘शुद्धलेखन झालं का?’ याचा शाळेतला अर्थ ‘पुस्तकातलं पान वहीत उतरवून झालं का?’ एवढाच असतो. आणि मग, कधीतरी चौथीनंतर, धड्याखालची प्रश्नोत्तरं. या प्रश्नोत्तरांना आपण आकलन म्हणतो. त्यांचा एक नमुना मी शिक्षकांच्या प्रशिक्षणात नेहमी देते. फळ्यावर लिहिते : ‘गलव्या टिरकांनी सांजवेळी मोरपट झुंबवला.’ मग विचारते, टिरकांनी मोरपट केव्हा झुंबवला? सगळे एका सुरात सांगतात, सांजवेळी. मोरपट कुणी झुंबवला? टिरकांनी. टिरके कसे होते? गलवे. तिन्ही उत्तरं बरोबर, पूर्ण गुण. टिरके म्हणजे काय हे खोलीत कुणालाच माहीत नसतं, कारण ते शब्द मीच आदल्या रात्री जुळवलेले असतात.

हे दुखणं फक्त आपलं नाही. अमेरिकेत डोलोरेस डर्किन या संशोधक बाईंनी चौथीच्या वर्गांत बसून वाचनाच्या तासांची मिनिटं मोजली होती. 1978–79 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात 4,469 मिनिटांपैकी आकलन ‘शिकवण्यात’ गेलेली मिनिटं जेमतेम 20 होती. बाकी वेळात प्रश्न विचारले जात होते, उत्तरं तपासली जात होती. आकलनाची परीक्षा सगळेच घेत होते, ते शिकवत जवळजवळ कुणीच नव्हतं. हा अभ्यास मराठी वर्गात कुणी केला तर आकडा वेगळा येईल असं मानायला माझ्याकडे काही कारण नाही.

इंग्रजी जगात वाचनाच्या शिकवण्यावरून जे भांडण पाऊणशे वर्षं चाललं आहे, ते इथे थोडक्यात सांगायला हवं, कारण त्याचे पडसाद आपल्या पाठ्यपुस्तकांवर आणि प्रशिक्षणांवर सतत पडत आले आहेत. 1955 साली रुडॉल्फ फ्लेश यांनी ‘व्हाय जॉनी कान्ट रीड’ हे पुस्तक लिहून शाळांना धारेवर धरलं. त्यांचं म्हणणं असं की मुलांना शब्द चित्रासारखे पाठ करायला लावता, अक्षर आणि ध्वनी यांची सांगड शिकवतच नाही, मग जॉनी वाचणार कसा? 1967 साली जीन चाल यांनी तोवरचं सगळं संशोधन चाळून, सुरुवातीला अक्षर-ध्वनीची सांगड पद्धतशीर शिकवावी असा कौल दिला. त्याच वर्षी केनेथ गुडमन यांनी नेमकी उलटी बाजू मांडली : वाचन हा भाषेच्या जाणिवेतून केलेला अंदाजाचा खेळ आहे, मुलाला खरी, अर्थपूर्ण पुस्तकं द्या, अक्षरं त्यातून येतील. या दोन तंबूंत पुढे बरीच बाचाबाची झाली. 2000 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय वाचन समितीने ध्वनींची जाण, अक्षर-ध्वनीची सांगड, ओघ, शब्दसंपत्ती आणि आकलन असे पाच खांब सांगितले, तरी ती पुरती थांबली नाही.

मला या सगळ्यात सर्वांत उपयोगी वाटतं ते गफ आणि टनमर यांचं 1986 सालचं साधं समीकरण. वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडता येणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नव्हे, गुणाकार. दोन्हींपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्य. घडाघडा वाचणारं पण भाषा न कळणारं मूल शून्यावर. गोष्ट ऐकून रंगणारं पण अक्षर न लागणारं मूलही शून्यावर. परीक्षेच्या कागदावर दोघं सारखीच दिसतात, पण त्यांच्यासाठी करायची कामं अगदी वेगळी असतात.

इथवर ठीक. अडचण येते ती इंग्रजीचं औषध मराठीला जसंच्या तसं लावण्यात. इंग्रजीत अक्षरं 26 आणि ध्वनी चाळीसहून अधिक; एकाच अक्षराचे चार उच्चार आणि एकाच उच्चाराची पाच स्पेलिंगं. तिथे उलगडणं हेच मोठं कोडं आहे. मराठीत लिहिलेलं बहुतांशी वाचता येतं. पण चिन्हांचा पसारा पाहा. 34 व्यंजनं आणि बाराखडीची 12 रूपं धरली तरी 408 आकार होतात (ङ आणि ञ यांची बाराखडी कुणी गिरवत नाही, हे सोडून द्या), आणि जोडाक्षरं अजून बाहेरच उभी आहेत. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर केलेल्या अभ्यासात असं दिसलं की अक्षरांची ओळख पहिल्या वर्षात संपत नाही. ती चौथी-पाचवीपर्यंत वाढत राहते. कन्नड लिपीची घडण आपल्यासारखीच आहे. तरीही दुसरीच्या दिवाळीपर्यंत ‘अक्षरं झाली’ असं आपण जाहीर करून टाकतो.

शिवाय ही अक्षरं एका रांगेत चालत नाहीत. ‘कि’मधली वेलांटी उभी राहते आधी आणि ऐकू येते नंतर. ‘सूर्य’मधला र ऐकू येतो य च्या आधी आणि बसतो य च्या डोक्यावर. ‘दर्या’ हा शब्द पहिल्यांदा पाहणाऱ्या मुलाला आधी ‘दया’ दिसते, मग तिच्या माथ्यावरचा रफार. आणि दर्या कसाबसा पार केला की समोर ‘दऱ्या’ येतात. समुद्र आणि डोंगरांमधल्या खोल जागा, एवढा अर्थाचा फरक. उच्चारात फरक एवढाच की ‘दर्या’त द वर आघात येतो आणि ‘दऱ्या’त येत नाही. आचार्यांना बोलवायचं की आचाऱ्यांना, हा विनोद मोठी माणसं करतात, पण यामागची अक्षरांची युक्ती मुलांना कुणी उघडून दाखवत नाही. सहावीतल्या मुलांना ती एकदा दाखवली तर ती स्वतःच जोड्या शोधत सुटतात.

महाराष्ट्रात हे सगळं आधी कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं असं मात्र नाही. पंतोजींच्या शाळेत मूल धूळपाटीवर बोटाने अक्षर गिरवत मोठ्याने म्हणत असे. डोळा, हात आणि कान एकदमच शिकत. मारही खात असे, तो भाग वेगळा. एकोणिसाव्या शतकात छापील क्रमिक पुस्तकं आली, मेजर कँडी यांच्या हाताखालून मराठीला विरामचिन्हं मिळाली, आणि शिकण्याचा भार पाटीवरून पुस्तकावर गेला. विसाव्या शतकात आचार्य अत्र्यांच्या ‘नवयुग वाचनमाले’ने पुस्तकातली भाषा मुलांच्या जवळ आणली. 1967 साली बालभारती स्थापन झाली आणि साऱ्या राज्यातल्या मुलांच्या हातात एकच पुस्तक आलं. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या मराठी माणसाच्या मनात वाचनाचा जो पहिला वास आहे, तो त्या पुस्तकांच्या कागदाचा आहे.

पण माझ्या मते या इतिहासातला सर्वांत मोलाचा धागा पुस्तकांचा नाही. तो बोर्डीला आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर सापडतो. ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर माँटेसोरीचं काम केलं आणि 1945 साली त्या बोर्डीला आल्या. अनुताई वाघ यांची त्यांना तिथे साथ मिळाली. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळा मुलांच्या अंगणात गेली. गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणात गेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द आज सरकारी फलकावर सगळीकडे आहे, तो तिथला. बाहेरून आणलेली साधनं महाग म्हणून बिया, शंख, पानं यांची साधनं झाली. विचार माँटेसोरीचा होता, पण तो वारली मुलांच्या हाताला बसेल असा पुन्हा घडवला गेला. पद्धत उसनी घेण्यात कमीपणा नाही. ती न उसवता तशीच अंगावर चढवण्यात आहे. पुढे फलटणला मॅक्सिन बर्नसन, कोल्हापूरच्या ‘सृजन आनंद’मध्ये लीलाताई पाटील, वाडा तालुक्यातल्या सोनाळे इथे ‘क्वेस्ट’ या संस्थेचे नीलेश निमकर आणि त्यांचे सहकारी यांनी आपापल्या परीने हेच काम केलं : मुलांची भाषा ऐकायची, थोड्या अक्षरांतून लवकर शब्द आणि शब्दांतून लवकर अर्थ हाती द्यायचा. ‘प्रथम’ या संस्थेने मुंबईच्या वस्त्यांमधून सुरुवात करून एक वेगळी गोष्ट ठसवली : मुलांचे गट इयत्तेनुसार न करता त्यांना आज काय वाचता येतं त्यानुसार करा. डी.एड.ला आम्ही वर्णपद्धती, शब्दपद्धती, वाक्यपद्धती यांचे गुणदोष पाठ करून परीक्षेत उतरवत होतो. या मंडळींनी तो वाद बाजूला ठेवून मुलाकडे पाहिलं.

शुद्धलेखनाचा इतिहास निराळा, आणि थोडा गमतीचा आहे. माझ्या आजोबांच्या पत्रांत ‘नांव’, ‘कांहीं’, ‘पुस्तकें’ असे शब्द आहेत. ते शुद्ध होते. 1962 साली साहित्य महामंडळाचे नियम शासनाने स्वीकारले, न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले आणि आजोबांची पत्रं एका रात्रीत अशुद्ध झाली. 1972 साली नियमांची संख्या 14 वरून 18 झाली. 2009 साली शासनाने वर्णमाला नव्याने निश्चित केली, ‘ल’ आणि ‘श’ यांचे आकार ठरवून दिले. ‘शुद्ध’ या शब्दामुळे आपल्याला वाटतं की हे सोवळंओवळं आहे. खरं तर तो एक करार आहे, वाचणाऱ्याची अडचण होऊ नये म्हणून केलेला, आणि करार शिकवताना त्याचं कारण सांगावं लागतं. पाठ्यपुस्तकात ‘झाड पडले’ असतं, वर्गात सगळे ‘झाड पडलं’ म्हणतात, हेसुद्धा कुणीतरी मुलांना एकदा नीट सांगायला हवं.

करार कसा शिकवता येतो, याचं या पुस्तकातलं एक उदाहरण इथे देण्याचा मोह आवरत नाही. पाचवीच्या एका वर्गात शिक्षकांनी नियम सांगितलाच नाही. मुलांना दोन-दोन रूपं जमवायला सांगितली. मूल, मुलाला. सून, सुनेला. गरीब, गरिबाला. जमीन, जमिनीत. बहीण, बहिणीला. फळा भरत आला तेव्हा एक मुलगा म्हणाला, ‘सर, शेपूट लागलं की दीर्घाचं ऱ्हस्व होतंय.’ व्याकरणाच्या पुस्तकात उपान्त्य इकार-उकारांचा जो नियम चार ओळींत लिहिलेला असतो, तो हा. शिक्षक खूश. तेवढ्यात एका मुलीने ‘गीत, गीताला’ आणलं. मग ‘शरीर, शरीराला’. मग ‘गुण’, जो आधीपासूनच ऱ्हस्व. फळ्यावर दुसरा डबा काढावा लागला : न बदलणारे शब्द. आठवडाभर मुलं घरून शब्द आणत राहिली, आणि दुसऱ्या डब्यातले बहुतेक शब्द संस्कृतातून तसेच्या तसे आलेले आहेत हे शिक्षकांनी सगळ्यात शेवटी सांगितलं. त्या वर्गातली मुलं आता चुकत नाहीत असं नाही, पण चुकली की ‘कुठल्या डब्यातला?’ असं एकमेकांना विचारतात.

हे सगळं आत्ताच का? 2021 च्या जुलैत केंद्राने ‘निपुण भारत’ अभियान सुरू केलं. तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला 2026–27 पर्यंत समजून वाचता यावं, हे त्याचं उद्दिष्ट. ‘असर’च्या 2024 च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या मुलांपैकी 23.4 टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. 2022 साली हा आकडा 16.3 होता, म्हणजे सुधारणा आहे. पण शंभरातली पंचाहत्तरहून अधिक मुलं अजून दाराबाहेर आहेत. उद्दिष्ट चांगलं आहे. मला धास्ती आहे ती घड्याळाची. तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान साठ शब्द वाचावेत असं ठरलं आहे. हिंदीत ‘किसानों के लिए’ हे तीन शब्द झाले. मराठीत ‘शेतकऱ्यांसाठी’ हा एकच शब्द, आणि तोही मधल्या ऱ्यासकट. मग साठ शब्दांची दौड दोन्ही भाषांत सारखी कशी? घड्याळ लावलं की शिक्षक वेग शिकवतात. वेग लागतोच, अडखळत वाचणाऱ्याला ओळीच्या शेवटी ओळीची सुरुवात आठवत नाही. पण टिरकांनी मोरपट झुंबवल्याचं वाक्यही वेगाने वाचता येतं.

आणि समजण्याला नुसती भाषाही पुरत नाही, विषयाची माहिती लागते. 1988 साली रेक्ट आणि लेस्ली यांनी बेसबॉलच्या सामन्यावरचा उतारा मुलांना दिला; वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात हुशार पण खेळ न जाणणाऱ्यांपेक्षा सरस ठरली. हे वाचल्यापासून मी बीडकडच्या मुलांचा विचार करते. आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला जाऊन आलेलं मूल फड, कोयता, मोळी, मुकादम, उचल या शब्दांचं अख्खं शास्त्र जाणतं. त्याला उताऱ्यात मिळते ती समुद्रकिनाऱ्यावरची सहल. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी, सातपुड्यात भिली बोलणाऱ्या मुलाला तर पहिलीच्या पहिल्या दिवशी परकी भाषा आणि परकी चिन्हं एकदम भेटतात. समीकरणाच्या दोन्ही बाजू एकाच वेळी डगमगतात. अशा मुलावर ‘अप्रगत’ हा शिक्का मारणं सोपं आहे. खरोखरीची अध्ययन-अक्षमता असलेली मुलं या गर्दीत दिसत नाहीत, हा त्याचा आणखी एक तोटा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने अशा मुलांना मान्यता दिली आहे, पण आधी ती वर्गात ओळखू यायला हवीत.

हे पुस्तक शिक्षकांनी लिहिलं आहे, बहुतेक जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या. त्यात एक पद्धत नाही, आणि एकच पद्धत शोधणाऱ्याची निराशा होईल. वाचन, लेखन आणि समज या तिन्हींकडे पहिलीपासून आठवीपर्यंत एकाच तासात कसं पाहता येतं, एवढाच त्यातला आग्रह. मोठ्याने गोष्ट वाचून दाखवताना कुठे थांबायचं, काय विचारायचं, मुलाने उतारा स्वतःच्या शब्दांत सांगताना काय गाळलं ते कसं ऐकायचं, चुकांची वर्गवारी कशी करायची, हे उदाहरणांसह आहे. फसलेले तास आहेत, तेही न लपवता. काही ठिकाणी लेखक एकमेकांशी सहमत नाहीत. मी ते मतभेद जुळवून घ्यायला सांगितलं नाही. बोलीतून शिकवण्याबद्दल मला आणखी पानं हवी होती. ती लिहू शकणारे शिक्षक आहेत, त्यांना वेळ मिळाला नाही.

पुस्तक सुरुवातीपासून वाचायची गरज नाही. वर्गातल्या पाच वह्या समोर घ्या, त्यातल्या चुका कागदावर वेगळ्या काढा, आणि ज्या जातीच्या चुका जास्त निघतील तो भाग आधी उघडा.

शुद्धलेखनावर लिहिलेल्या पुस्तकातही शुद्धलेखनाच्या चुका राहतात. सापडल्या तर जरूर कळवा. लाल गोल करू नका, चूक कुठल्या डब्यातली ते लिहा.